सातोचे विजेतेपद कोणाचे?

या स्मृतिव्याख्यानमालेत खेळावर बोलायचे ठरवले तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. आपल्या गोवंडी स्थानकावरून हार्बरची गाडी पकडली की तासाभरात माणूस ब्रेबॉर्न स्टेडियमशी पोहोचतो. फेब्रुवारी १९५२च्या पहिल्या दहा दिवसांत तिथे जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशिया खंडात ही स्पर्धा तोवर कधीच झाली नव्हती. तिथे पुरुष एकेरीचे विजेतेपद जपानच्या हिरोजी सातोने मिळवले. आशियातल्या खेळाडूने ते जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. एवढा मोठा प्रसंग आपल्या शहरात घडला, तरी त्याविषयी जगभर जे लिहिले गेले त्याचा सूर एकच आहे : सातो जिंकला नाही, त्याची बॅट जिंकली. सत्तर वर्षे हे वाक्य इतक्यांनी म्हटले की ते तपासायचेच राहून गेले. ते विजेतेपद पूर्णपणे सातोचे होते, असे माझे म्हणणे आहे. खेळातले ‘साधन’ आपल्याला कोणाच्या हातात दिसते आणि कोणाच्या हातात दिसत नाही, हाही प्रश्न त्याच ओघात येईल. आज बोलायचे आहे ते एवढ्याच एका मुद्द्याविषयी, म्हणून थोडे सविस्तर बोलेन.

आधी त्या दहा दिवसांची पार्श्वभूमी सांगतो. टेबल टेनिस तेव्हा युरोपचा, विशेषतः मध्य युरोपचा खेळ होता. १९२६ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. पण चषक जात ते बुडापेस्ट, प्राग, व्हिएन्ना आणि लंडनला. मुंबईला आलेल्या संघांत हंगेरीचा दबदबा होता. योझेफ कोत्सियान आणि फेरेन्त्स शिदो हे त्यांचे मोठे खेळाडू. रुमानियाची अँजेलिका रोझेआनू महिला एकेरीची विजेती होती आणि १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे ते पद तिने सोडले नाही. इंग्लंडचा जॉनी लीच आदल्या वर्षीचा पुरुष विजेता. आणि जपान? १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला जपानला बोलावणे नव्हते. फेब्रुवारी १९५२मध्ये तो देश अजून परकीय ताब्यात होता. सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात येऊन त्याला सार्वभौमत्व परत मिळाले ते २८ एप्रिलला, म्हणजे मुंबईच्या स्पर्धेनंतर अडीच महिन्यांनी. भारताने त्या तहावर सही केली नव्हती, जपानशी स्वतंत्र तह केला तो जून १९५२मध्ये. पण त्याआधीच, मार्च १९५१मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानी खेळाडू उतरले होते आणि वर्षभरात ते मुंबईत टेबल टेनिस खेळत होते. हरलेल्या, बॉम्बने भाजलेल्या देशाच्या खेळाडूंना मैदानाचे दार लवकर उघडून देणाऱ्यांत आपला देश होता, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

सातोचा जन्म १९२५चा, जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाच्या आओमोरी प्रांतातला. चष्मा लावणारा, सडपातळ, पाहताक्षणी कोणाला धाक वाटणार नाही असा खेळाडू. जपानच्या चमूत पहिला मान नोरिकाझु फुजीचा होता, सातोचा नव्हता. तो बॅट पेन धरतात तशी धरत असे, ज्याला आपले खेळाडू पेनहोल्ड म्हणतात. त्याच्या बॅटच्या लाकडावर नेहमीचे बारीक पुळ्यांचे रबर नव्हते, जाड स्पंज चिकटवलेला होता. जुन्या बॅटवर चेंडू आदळला की पातळ रबराखालच्या लाकडाला जाऊन भिडतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि क्षणात परत निघतो. स्पंजवर तो आधी रुततो, किंचित थबकतो आणि मग उसळून बाहेर पडतो. आवाज जवळजवळ येतच नाही. समोरच्याने जोरात मारलेला चेंडू नुसता अडवला तरी त्याचाच वेग घेऊन परत जातो, त्यावरची फिरकीही वेगळीच वागते. युरोपातले मातब्बर खेळाडू कानाने खेळत असत. आवाजावरून फटक्याची ताकद ओळखायची, त्यानुसार पाऊल टाकायचे, ही वर्षानुवर्षांची सवय. सातोसमोर ती सवय कामाला येईना. जोरात मारावे तर चेंडू आणखी जोरात येतो, हळू मारावे तर हा शांतपणे कोपऱ्यात ढकलतो. अंतिम सामन्यात त्याने कोत्सियानला हरवले.

आता आरोपाकडे वळू आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. आरोप करणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज अमेरिकेच्या मार्टी रीसमनचा होता. तो काही ऐरागैरा नव्हता. १९४९ची इंग्लिश ओपन जिंकलेला, जबरदस्त फटक्यांचा, प्रेक्षकांना खिळवून ठेवणारा खेळाडू. मुंबईत तो सातोकडून हरला. पुढची साठ वर्षे, २०१२ साली मृत्यू येईपर्यंत, तो हेच सांगत राहिला की जुन्या बॅटने टेबल टेनिस हा दोन माणसांमधला संवाद होता आणि स्पंजने तो संवाद तोडला. ही तक्रार हरलेल्याची कुरकुर म्हणून उडवून लावू नये. तिच्यात खेळाच्या सौंदर्याविषयी खरी कळकळ आहे. जुन्या खेळात लांबलचक रॅली होत, टेबलापासून दहा-पंधरा फूट मागे जाऊन चॉप करणारा बचावपटू आणि पुढून स्मॅश करणारा आक्रमक यांचे द्वंद्व साध्या प्रेक्षकालाही समजत असे. स्पंज आल्यावर गुण झटपट संपू लागले. हे नुकसान खरे आहे. पण खेळ बदलला याचे दुःख आणि विजेतेपद खोटे होते हा निवाडा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुःख पटले म्हणून निवाडाही पटतो असे नाही, आणि सातोच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत झाली आहे.

निवाड्यासाठी पुरावा पाहू. पहिला पुरावा त्या स्पर्धेच्याच निकालात आहे. स्पंज असला की विजय ठरलेला, असे असते तर सातो ज्या संघात होता तो पुरुषांचा संघही जिंकायला हवा होता. तसे झाले नाही. सांघिक चषक हंगेरीने नेला. म्हणजे सातोची बॅट चमूत असतानाही जपान सांघिक स्पर्धेत मागे पडला. शिवाय जागतिक स्पर्धेत सांघिक सामने आधी होतात आणि वैयक्तिक मागून. एकेरी सुरू झाली तेव्हा ती बॅट कोणाला नवी राहिली नव्हती, सगळ्यांनी ती कित्येक दिवस पाहिली होती. दुसरा पुरावा जपानच्या इतर यशाचा. सातपैकी चार विजेतेपदे त्या वर्षी जपानला मिळाली : पुरुष एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचा सांघिक चषक. शिझुकी नाराहारा आणि तोमिए निशिमुरा यांनी महिला दुहेरी जिंकली, फुजी आणि तादाआकी हायाशी यांनी पुरुष दुहेरी. ही रांग एका माणसाच्या बॅटवर कशी लावायची? युद्धाच्या राखेतून उठलेल्या देशातल्या खेळाडूंनी जिद्दीने केलेला सराव तिच्यामागे होता आणि सातो त्यांच्यातलाच एक होता. तिसरा पुरावा तर खुद्द रीसमननेच दिला. मुंबईनंतर ओसाकात तो सातोशी पुन्हा खेळला आणि आपल्या जुन्या बॅटने त्याने सातोला हरवले. स्पंज तोच, खेळाडू तेच, निकाल उलटा. जी बॅट अजिंक्य होती म्हणतात ती काही काळातच जुन्या रबराने हरू शकते, हे सांगणारा पुरावा आरोप करणाऱ्यानेच पुरवावा, याहून भक्कम साक्ष कोणती? आणि चौथी गोष्ट, स्पंज काही मुंबईत अवतरला नव्हता. आदल्या वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रियाचा वाल्डेमार फ्रिच स्पंजची बॅट घेऊन उतरला होता. विजेता तो झाला नाही. तेव्हा खेळ बुडाल्याची ओरडही झाली नाही.

इथे मला बॅटच्या इतिहासात थोडे मागे जायचे आहे, कारण वादाचे मूळ तिथे आहे. ज्या पुळ्यांच्या रबराला रीसमन खेळाचा आत्मा मानत होता ते रबर स्वतः कुठून आले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात हा खेळ दिवाणखान्यात खेळला जाई, चामडे ताणून बसवलेल्या लांब दांड्याच्या बॅटने, डफासारख्या. नंतर नुसते लाकूड आले, त्यावर बूच आले, कोणी वाळूचा कागद लावला. १९०२च्या सुमारास ई. सी. गूड नावाच्या इंग्रज खेळाडूने औषधांच्या दुकानातली, सुटे पैसे ठेवायची पुळ्यांच्या रबराची चटई पाहिली, ती बॅटवर चिकटवली आणि स्पर्धा जिंकली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. तिच्यातला तपशील थोडा इकडेतिकडे असेल, पण पुळ्यांचे रबर हेही कोणीतरी बाहेरून आणलेले नवे साधन होते, एवढे निश्चित. त्याने चेंडूला फिरकी देता येऊ लागली आणि लाकडी बॅटवाल्यांची विद्या जुनी झाली. व्हिक्टर बार्नाने पाच वेळा जागतिक एकेरी जिंकली ती त्याच रबराने. बार्ना आणि त्याचा साथी लास्लो बेलाक यांच्या नावाचा बार्ना-बेलाक चषक आपल्या राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धेत पुरुष संघ आजही खेळतात. बार्नाची विजेतेपदे रबराची होती असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण मग मोजमाप एकच ठेवा. पन्नास वर्षे वापरात राहिलेले साधन साधन म्हणून दिसेनासे होते, ते हातासारखेच नैसर्गिक वाटू लागते. नवखा माणूस नवे साधन घेऊन आला की मात्र सगळ्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून घसरून थेट त्याच्या हाताकडे जाते. सातोचे नेमके हेच झाले. तो आशियाई होता, पराभूत देशाचा होता, कोणाच्या खिजगणतीत नव्हता. तो हरला असता तर त्या स्पंजला एक विक्षिप्त प्रयोग म्हणून लोक विसरून गेले असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की स्पंज इतका निर्दोष होता, तर महासंघाने १९५९ साली त्यावर बंदी का घातली? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या नियमातच आहे. १९५९च्या नियमाने नुसत्या स्पंजची बॅट बाद केली, पण स्पंजवर रबराचा थर चढवलेल्या बॅटला, ज्याला सँडविच म्हणतात, चार मिलिमीटर जाडीची मर्यादा घालून मान्यता दिली. म्हणजे महासंघाने स्पंज खेळाबाहेर काढला नाही, त्याला माप लावले. आज ठाण्यातल्या शाळेच्या हॉलपासून ऑलिम्पिकच्या मंचापर्यंत जवळजवळ प्रत्येक स्पर्धकाच्या रबराखाली स्पंज असतो. ज्या वस्तूला फसवणूक म्हटले ती पुढच्या पिढ्यांची रोजची वस्तू झाली. दुसरे असे की नियम पुढच्या खेळासाठी असतात. १९३६ साली प्रागमध्ये पोलंडचा अलोइझी एर्लिख आणि रुमानियाचा फार्कास पानेथ यांचा एकच गुण दोन तासांहून जास्त चालला होता. त्यानंतर महासंघाने जाळीची उंची पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली. पण म्हणून उंच जाळीवर जिंकलेली बार्नाची विजेतेपदे कोणी काढून घेतली का? पुढे २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० मिलिमीटरचा झाला, २००१ साली २१ गुणांचा गेम ११वर आला. प्रत्येक बदलाआधीचे विजेते विजेतेच राहिले.

याच संदर्भात १९३७ची एक घटना सांगायला हवी, कारण ती मला फार बोलकी वाटते. ऑस्ट्रियातल्या बाडेन इथे महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात अमेरिकेची रूथ ॲरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रूडे प्रिट्झी समोरासमोर होत्या. दोघीही चेंडू ढकलत राहिल्या, ठरलेल्या वेळेत निकाल लागला नाही आणि महासंघाने त्या वर्षीचे विजेतेपद कोणालाच दिले नाही. ती जागा यादीत रिकामी राहिली. चौसष्ट वर्षांनी, २००१ साली, दोघींना संयुक्त विजेत्या जाहीर करण्यात आले. विजेतेपद खेळाच्या आत्म्याविरुद्ध मिळवले गेले असे वाटले तर ते रोखून धरायची हिंमत आणि रीत या महासंघाकडे होती, हे यातून दिसते. मुंबईत त्याने ते केले नाही. तेव्हाच्या नियमात बॅट कशाची असावी यावर बंधन नव्हते. सातोने कोणताही नियम मोडला नाही, वाकवलाही नाही. महासंघाने चषक त्याच्या हातात दिला आणि तो पुढे कधी परत मागितला नाही. ज्या संस्थेला निवाडा करायचा अधिकार होता तिचा निवाडा सातोच्या बाजूने आहे, त्याला आरोपी ठरवले ते लेखकांनी.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो आणि त्याच्याशी मी काही अंशी सहमतही आहे. तो असा की खेळात प्रतिस्पर्ध्याला माहिती मिळण्याचा हक्क असतो. चेंडूचा आवाज ही माहिती होती, सातोच्या बॅटने ती हिरावली. म्हणजे त्याने प्रतिस्पर्ध्याला कौशल्याने हरवण्याऐवजी आंधळे, किंवा बहिरे म्हणा, करून हरवले. या तर्काला पुढे खुद्द महासंघानेच मान्यता दिली. १९७०च्या दशकात खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गुणांची पण एकाच रंगाची रबरे लावू लागले आणि खेळता खेळता बॅट फिरवून समोरच्याला चकवू लागले. १९८०च्या दशकात दोन बाजू दोन रंगांच्या असाव्यात असा नियम झाला आणि लाल-काळी बॅट रूढ झाली. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला फटका ओळखता आला पाहिजे, हे तत्त्व खेळाने स्वीकारले आणि ते मला योग्य वाटते. पण हे तत्त्व सातोला लावताना एक फरक लक्षात घ्यायला हवा. एकाच रंगाच्या दोन रबरांचा हेतूच लपवण्याचा होता. सातोची बॅट तर सगळ्यांना दिसत होती. तिच्यात गुपित असे काही नव्हते, होती ती फक्त अपरिचितता. डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू उलट दिशेने वळतो म्हणून त्याने फलंदाजाला फसवले असे आपण म्हणत नाही. फलंदाजाने सराव वाढवावा अशी अपेक्षा करतो. युरोपातल्या खेळाडूंनीही पुढे तेच केले आणि रीसमनने तर ओसाकात ते करून दाखवले. अपरिचित असणे हा दोष मानला तर प्रत्येक नव्या खेळाडूचा पहिला विजय संशयास्पद ठरेल.

तिसरा आक्षेप त्याच्या कारकिर्दीवर आहे. सातो पुन्हा जागतिक विजेता झाला नाही, एवढ्यावर लोक वाद मिटल्याचे मानतात. १९५३ची स्पर्धा बुखारेस्टला होती, तिथे जपानचा संघच नव्हता, आणि शिदोने जुन्या बॅटने विजेतेपद मिळवले. १९५४ला लंडनमध्ये जपान परतला तेव्हा पुढे आला तो इचिरो ओगिमुरा. १९५४ आणि १९५६ ओगिमुराचे, १९५५ आणि १९५७ तोशिआकी तानाकाचे, असे पुरुष एकेरीचे चषक चार वर्षे जपानमध्येच राहिले. १९५९ला डॉर्टमुंडमध्ये रोंग ग्वोतुआन जिंकला आणि चीनच्या यशाची सुरुवात झाली. या सगळ्यात सातो कुठे नाही, हे खरे. पण एकदाच जिंकणे हा जर दोष असेल तर क्रीडा इतिहासातले निम्मे विजेते पुसावे लागतील. मुख्य म्हणजे, त्याच्यामागून आलेल्यांनी त्याला मागे टाकले ते त्याचीच वाट पुढे नेऊन. सातोने स्पंजने चेंडू अडवला, ओगिमुराने स्पंजने हल्ला केला, पायांत वेग आणला. नवे साधन पहिल्यांदा हाती घेणारा त्याचा सगळा अर्थ ओळखतोच असे नाही. त्याचे काम असते ते शक्यता दाखवून देण्याचे, आणि त्यासाठी जगातल्या सगळ्यांत मोठ्या मंचावर, अनोळखी शहरात, पाच गेमच्या सामन्यांत फेरीमागून फेरी डोके शांत ठेवून जिंकावे लागते. स्पंज डोके शांत ठेवत नाही. उलट ज्यांनी जाड स्पंजने खेळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की तो चेंडू ताब्यात ठेवणे किती अवघड असते, जरा मनगट चुकले की चेंडू टेबलाबाहेर. ओगिमुरा १९८७ साली आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला आणि १९९४ साली मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिला. युरोपच्या दिवाणखान्यातल्या खेळाचा कारभार एका जपानी माणसाकडे आला, त्या प्रवासाचा पहिला टप्पा ब्रेबॉर्नवर होता. सातो स्वतः २००० साली वारला.

मग आपण मुंबईकर हे कसे विसरलो? याचे एक कारण तारखांत सापडते. सहा ते दहा फेब्रुवारी १९५२ या दिवसांत मद्रासमध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना चालू होता. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने तो एक डाव आणि आठ धावांनी जिंकला. विनू मांकड यांनी बारा बळी घेतले. भारताचा तो पहिला कसोटी विजय. त्याच सुमारास देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक संपत आली होती. लोकांचे लक्ष कुठे असणार हे सांगायला नको आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पण त्याच १९५२ सालाकडे जरा थांबून पाहा. जुलैमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, जवळजवळ पन्नास वर्षांनी. त्याच वर्षी सिंगापूरला पहिली आशियाई टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि महिला एकेरीत विजेत्या ठरल्या मुंबईच्या गुल नासिकवाला. आशियातली पहिली महिला विजेती आपल्या शहरातली होती, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते. ते तिथे नाही. टेबल टेनिसमधला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ साली जयंत व्होरा यांना मिळाला, पुढे फारुख आणि केटी खोदाईजी, नीरज बजाज, शैलजा साळोखे, कमलेश मेहता अशी नावे येत गेली. ही रांग मोठी आहे आणि तिच्या सुरुवातीला नासिकवाला उभ्या आहेत. सातोला निदान बॅटमुळे लोकांनी लक्षात तरी ठेवले, नासिकवालांना आपण तेवढेही दिले नाही.

आता आपल्या गोवंडीकडे येतो, कारण साधनाचा हा प्रश्न इथे उलट्या बाजूने उभा आहे. टेबल टेनिसचे टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असते, म्हणजे पंचेचाळीस चौरस फूट. आंतरराष्ट्रीय सामन्याला टेबलाभोवती चौदा मीटर लांब आणि सात मीटर रुंद जागा लागते, अठ्ठ्याण्णव चौरस मीटर. पुनर्वसनाच्या इमारतींत अनेक कुटुंबांना मिळालेले घर पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे एका टेबलाच्या जागेत जवळजवळ चार कुटुंबे राहतात. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो पालिकेचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. इथल्या पालिका शाळेतले मूल या खेळात आलेच तर ते कोणीतरी वापरून टाकलेली, पुळ्या झिजलेली, कडा सुटलेली बॅट हातात घेऊन येते. चांगल्या आयात रबराच्या एका तुकड्याची किंमत हजारांत असते आणि नियमित खेळणाऱ्याला तो काही महिन्यांत बदलावा लागतो. समोरचा खेळाडू नव्या रबराने जिंकला तर आपण त्याची तारीफ करतो, त्याच्या रबराबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून म्हणतो, साधनाचा आरोप सगळ्यांवर सारखा होत नाही. ज्याच्या हातात साधन असणे गृहीत धरलेले असते त्याच्यावर तो कधीच होत नाही. तो होतो नवख्यावर, बाहेरच्यावर, ज्याच्या जिंकण्याची कोणी अपेक्षा केली नव्हती त्याच्यावर. सातोवर तो झाला आणि उद्या इथल्या शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीतली एखादी मुलगी राज्य स्पर्धेत जिंकली तर ‘हिला कोणी बॅट दिली’ हा प्रश्न ‘ही कशी खेळली’च्या आधी विचारला जाईल, याची मला खात्री आहे.

कोणी म्हणेल की इथे पाण्याचा, कचऱ्याचा, दवाखान्याचा प्रश्न पडलेला असताना तुम्ही टेबल टेनिसच्या टेबलाचे काय घेऊन बसलात? देवनारच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला तर तो मी मान खाली घालून ऐकेन. पण पाणी आधी, खेळ मग, अशी रांग गरिबांच्याच वस्तीत लावली जाते, इतरत्र दोन्ही एकदम मिळते. टेबल टेनिसला पाऊस अडवत नाही, मैदान लागत नाही, शाळेचा एक हॉल संध्याकाळी दोन तास उघडा ठेवला तर चार टेबले मावतात आणि मुलींना अंधार पडल्यावरही छपराखाली सुरक्षित खेळता येते. दाटीच्या वस्तीसाठी याहून सोयीचा खेळ मला माहीत नाही. तेवढी मागणी आपल्या नगरसेवकांकडे आणि शाळांकडे आपण करायला हवी, आणि टेबलासोबत दरवर्षी नव्या रबरांसाठीही तरतूद मागायला हवी, कारण झिजलेल्या रबराने शिकलेली फिरकी स्पर्धेत कामाला येत नाही.

शेवटी एक विनंती. फेब्रुवारी १९५२मध्ये जे ब्रेबॉर्नवर गेले असतील ते आज नव्वदीच्या आसपास असतील. मुंबईतल्या कित्येक घरांत त्या स्पर्धेची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे, एखादे छायाचित्र ट्रंकेच्या तळाशी पडलेले असण्याची शक्यता आहे. आपल्या घरी, नात्यात, ओळखीत असे काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे किंवा आपल्या जवळच्या वाचनालयाकडे ते सोपवा, आणि त्या घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना सातोचा अंतिम सामना आणि गुल नासिकवाला यांचा खेळ आठवतो का, ते विचारून तारखेसह लिहून ठेवा.